मठार

बावीस वर्षं मी हे बाह्यांखाली झाकलं.
तांबट आळीत कुणी विचारलंच तर म्हणायचो,
भट्टीची आंच लागली.
तांबटाच्या कातड्यावर कोण शंका घेतो?
लाल चट्टा, वर चांदीसारखा पापुद्रा,
खरं सांगू तर
कल्हई उडत चाललेलं पातेलं.
भांड्याला डाग देणं हा माझा धंदा,
आणि अंगावरच्या डागांना
मला नावसुद्धा देता येईना.

मग नखांवर बारीक खळगे आले.
खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली.
घंगाळावर मी उमटवतो तेच हे,
ओळ नीट नाही,
पण मठारच.
कुमुदिनी म्हणाली, हातोडी उलटली वाटतं तुमच्यावर.

दिवाळीच्या आधी उजवी तर्जनी सुजली,
बुडापासून टोकापर्यंत, वेलची केळ्यासारखी.
सकाळी मूठ वळेना.
हातोडी धरायला साडेनऊ वाजायचे,
तोवर मी गिऱ्हाइकांशी नुसता बोलत राहायचो.

डोळा लाल झाला, भट्टीला शिव्या दिल्या.
टाच ठणकली, घाटाच्या पायऱ्यांना.
साखर वाढली तेव्हा
कोपऱ्यावरच्या जिलबीला.
दर दुखण्याला वेगळा आरोपी धरून
दर खेपेला वेगळ्या दुकानातून
वेगळी गोळी आणली.

शरणपूर रोडच्या हिंगमिरे डॉक्टरीणबाईंनी
आधी नखं पाहिली, बराच वेळ.
मग टेप काढून कंबर मोजली.
म्हटलं, बाई, मी कातडीसाठी आलोय.
त्या म्हणाल्या, राहता कुठे?
तांबट आळी.
घरं कशी आहेत?
भिंतीला भिंत.
शेजारी ठोका पडला की?
आमच्या फळीवरचे पेले वाजतात.
मग झालं तर, म्हणाल्या
आणि लिहायला लागल्या.

सांध्यांचे फोटो. डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी.
साखर, चरबी, यकृत, रक्तदाब.
हृदयाचा आलेख, कारण माझे वडील
बावन्नाव्या वर्षी ऐरणीवरच कलंडले होते,
हे मी बोलता बोलता सांगून बसलो.
शेवटी विचारलं,
झोप? आणि मन?

मन ठीक आहे, म्हटलं.

त्यांनी पेनला टोपण लावलं नाही.
नुसत्या थांबल्या.
म्हणून मग निघालं ते सगळं:
सलूनमधल्या पोरानं माझा टॉवेल
दोन बोटांच्या चिमटीत धरून टाकला ते.
भाचीच्या हळदीला
हात काखेत घालून मी कोपऱ्यात बसलो ते.
रामकुंडावर काकांच्या दहाव्याला
सगळ्यांनी शर्ट काढले
आणि मी म्हणालो मला थंडी वाजतेय,
मे महिन्यात.
रात्री गादी झटकताना कुमुदिनी
दिवा लावत नाही, अंधारातच झटकते,
मला दिसू नये म्हणून,
तेही.

बाईंनी लिहून घेतलं.
त्याच कागदावर, रक्तदाबाच्या खाली,
त्याच अक्षरात.
इतकंच.
कागद घडी करून खिशात ठेवताना
माझी बोटं दुखत होती,
आणि का कोण जाणे, बरं वाटत होतं.

घरी निशिकांतनं विचारलं, काय निघालं, पप्पा?
शेजार, म्हटलं.
त्याला कळलं नाही. कळेल.
बाई म्हणाल्यात त्यालाही अधूनमधून
नखं बघत जा.

आज बाह्या दुमडून बसलोय.
पंचवटीतून एक मावशी आल्या,
तांब्याला पोचा पडलेला.
तांब्या देताना त्यांचा हात
माझ्या हातापाशी येऊन अडला.
म्हटलं, मावशी, सोरायसिस आहे,
कुणाला लागत नाही.
त्यांनी तांब्या हातात दिला.
पूर्ण हातात नाही, पण दिला.
उद्या मिळेल? म्हणाल्या.
उद्या नको, परवा या.
उद्या मला उपाशीपोटी
रक्त द्यायला जायचंय.